बॉनेटवरची अक्षरं

लग्नाला मी ज्या गाडीतून गेले ती आमची नव्हती. आम्ही नाशिकरोडला ज्या इमारतीत भाड्यानं राहायचो, तिच्या तळमजल्यावर शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं दुकान होतं. ते दुकान आम्ही ज्यांना चाचा म्हणायचो त्यांचं, दुकानामागेच त्यांचं घर, आणि गाडीही त्यांचीच. निळी, गोल दिव्यांची, स्टिअरिंगलाच गिअर असलेली, माझ्या जन्माच्या आधीची. शुक्रवारी नमाजहून आले की चाचा ती मऊ फडक्यानं पुसायचे. ती त्यांनी कधी कुणाला दिलेली मी पाहिली नव्हती.

माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होते. लग्न सिन्नरच्या कार्यालयात ठरलं, तेव्हा गाडीचं काय करायचं यावर घरात बोलणं चाललं होतं. चाचा स्वतः जिना चढून वर आले.

"बेटी माझ्या गाडीतून जाईल. मीच चालवीन," ते वडिलांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "फुलांच्या माळा कितीही घाला. फक्त दोऱ्यानं बांधा. चिकटवू काही नका. जुना रंग आहे, सहन करत नाही."

हे त्यांनी मला सांगितलं होतं. माझ्या तोंडावर.

मे महिना होता. सकाळी नऊलाच बॉनेट हात लावू देईना. नामपूरहून आलेल्या मामेभावानं हौसेनं पुठ्ठ्याची दोन मोठी अक्षरं कापून आणली होती, आम्हा दोघांच्या नावांची, वर सोनेरी कागद लावलेली. मध्ये बदामाचा आकार. दोऱ्यानं बांधलेली अक्षरं सारखी घसरायला लागली. चाचा कपडे बदलायला घरी गेले होते.

"ताई, हाई पडी ऱ्हायनं," भाऊ म्हणाला. "सोल्यूशन लावू का?"

सोल्यूशन म्हणजे चपला चिकटवायचा तो पिवळा गोंद. मी खिडकीत उभी होते, हातावर मेंदी, केसांत गजरा. मला चाचांचं बोलणं आठवलं. नीट आठवलं. आणि मी म्हणाले, "लाव, पण लवकर."

चाचा आले, त्यांनी अक्षरं पाहिली, बोटानं कड चाचपली. मग गाडी सुरू केली. मला सिन्नरला नेऊन सोडलं. दिवसभर गाडी कार्यालयासमोर उन्हात उभी होती.

चार दिवसांनी आईचा फोन आला. "अगं, पुठ्ठा निघाला, पण त्या गोंदाचे डाग गाडीवर तसेच राहिलेत म्हणे."

"निघतील की," मी म्हणाले आणि दुसरा विषय काढला.

त्यानंतर वडील निवृत्त झाले, आईवडिलांनी इंदिरानगरला घर घेतलं आणि नाशिकरोडला जायचं कारण उरलं नाही. मी नाशिकमध्येच राहत होते. स्कूटरवर वीस मिनिटांचं अंतर. दर ईदला चाचीचा शीरखुर्म्याचा डबा कुणाच्या तरी हाती यायचा. मी डबा धुऊन, त्यात काहीतरी घालून तसाच कुणाच्या तरी हाती परत पाठवायची. एकदाच गेले, त्यांच्या मुलीच्या लग्नाला. ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. जेवले, फोटो काढले, आहेर दिला आणि आले.

मागच्या वर्षी चाची गेल्या. मला कळायलाच आठ दिवस लागले. भेटायला गेले तेव्हा मुलगी मालेगावहून आलेली होती. चाचा आता खूप वाळले होते, डोळ्यांत मोतीबिंदू. मुलीनं चहा टाकला, मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं आणि अंगणात ती गाडी. निळा रंग उन्हानं उडून पार फिकट झाला होता. बॉनेटवर दोन काळी अक्षरं होती. गोंदावर चौदा वर्षांची धूळ बसून ती काळी झाली होती. मध्ये बदाम.

"हे अजून काढलं नाही?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"अब्बा काढू देत नव्हते," ती साखर ढवळत म्हणाली. "माझ्या लग्नाच्या वेळी मी मागेच लागले होते. त्याच गाडीतून जायचं, हे मी लहानपणापासून धरून बसले होते ना. तर म्हणाले, कुणाच्या लेकीच्या लग्नाचं नाव आपल्या हातानं खरवडायचं नसतं. आणि दुसरीच्या नावाच्या गाडीतून तुला कसं पाठवू? मग भाड्याची पांढरी गाडी आणली. तुम्ही होता की, पाहिली असेल."

पाहिली होती. त्या गाडीजवळ उभी राहून मी तिच्याबरोबर फोटोही काढला होता. निळी का नाही, असा प्रश्न मला पडला नव्हता.

ती रागानं बोलली नाही. जुनी गंमत सांगावी तसं सांगितलं आणि चहा गाळायला घेतला.

पुढच्या रविवारी मी एकटीच गेले. चाचांना म्हणाले, "बॉनेट मी साफ करून देते. माझं नाव मी काढलं तर चालेल ना?"

"तू काढलंस तर चालेल," ते म्हणाले.

तेव्हाही मी घाईच केली. हार्डवेअरच्या दुकानातून थिनरची बाटली घेऊन गेले होते. चाचांना विचारलं नाही. ते दुपारच्या नमाजला गेले, तशी मी फडकं भिजवून पहिल्या अक्षराच्या टोकावर घासायला लागले. गोंद सुटला. फडक्यावर काळं आलं, मग निळं आलं. मी हात थांबवला तोवर रुपयाएवढ्या जागेतला रंग विरघळून खालचा तपकिरी थर दिसत होता.

मी फडकं पिशवीत कोंबलं. बाटलीही. चाचा परत आल्यावर सांगितलं, आज जमत नाही, ऊन फार आहे. आणि घरी निघून आले.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "फोन करून सांगून टाक." मी आठवडाभर केला नाही. रोज सकाळी ठरवायची आणि रोज काहीतरी काम निघायचं. चौदा वर्षं मी हेच करत आले होते.

रविवारी गेले आणि दारातच सांगून टाकलं. थिनर, फडकं, खोटं, सगळं. चाचा माझा हात धरून अंगणात आले. "कुठे?" त्यांनी विचारलं. मी त्यांचं बोट त्या जागेवर ठेवलं. त्यांनी डोळे बॉनेटजवळ नेले, पुन्हा मागे घेतले.

"मला दिसत नाही गं आता," ते म्हणाले. "तू सांगितलं नसतंस तर कळलंही नसतं." मग बोट तिथेच ठेवून, "थिनरनं जुना रंग साखरेसारखा विरघळतो. त्या दिवशी विचारायचं होतंस. त्या आधीही."

त्या आधीही, एवढंच. माझ्या लग्नाच्या दिवसाबद्दल ते कधी बोलले असतील तर इतकंच.

मग ते दुकानातून शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन आले. आधी बॉनेट उघडायला लावलं, आतल्या, कुणाला न दिसणाऱ्या कडेला थेंब टाकून रंग सुटतो का ते फडक्यावर बघायला सांगितलं. फडकं पांढरं राहिलं. मग कापसाचे बोळे तेलात भिजवून अक्षरांवर मांडायचे आणि अर्धा तास हात लावायचा नाही. तो अर्धा तास मला फार जड गेला. चाचा खुर्चीत बसून चाचीबद्दल बोलत होते. शेवटच्या महिन्यात त्या कुणाला ओळखत नव्हत्या. पण डबा आला का, एवढं विचारायच्या. कुठला डबा, हे मला विचारवेना.

गोंद फुगून मऊ झाला. जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाची कड आडवी धरून मी तो हळूहळू सरकवत गेले. जोर लावला की चाचा आवाजावरून ओळखायचे. "आहिस्ता. नाही निघालं तर पुन्हा तेल." चार रविवार गेले. शेवटी साबणाच्या पाण्यानं तेल धुतलं, कोरड्या फडक्यानं पुसलं.

गोंद गेला होता. अक्षरं गेली नव्हती. चौदा वर्षं सगळ्या बॉनेटचा रंग उन्हानं उडाला होता. गोंदाखालचा मात्र लग्नाच्या सकाळी होता तसाच गडद राहिला होता. त्या तपकिरी डागापुरतं टोक सोडलं, तर फिकट निळ्यावर गडद निळी दोन अक्षरं, मध्ये बदाम. आधीपेक्षा स्वच्छ वाचता येत होती.

चाचांनी तळहात फिरवला. "गुळगुळीत आहे. साफ झालं."

मी या वेळी लपवलं नाही. दिसतंय ते सांगितलं आणि म्हणाले, "पूर्ण बॉनेटला नवा रंग मारून देते. चांगला कारागीर शोधते."

"नको. एक तुकडा नवा आणि बाकी गाडी जुनी, ते वाईट दिसतं. राहू दे." मग थोडं हसले. "आता चिकटत तरी नाही."

मुलगी ईदला आली तेव्हा मी मुद्दाम गेले. चाचांनी बॅटरी घालून घेतली होती, गाडी चालू होत होती. मी तिला म्हणाले, "परत जाताना या गाडीतून चल. माझा नवरा चालवेल, थेट मालेगावपर्यंत. मी मागे बसते." हे मी आठवडाभर मनात घोळवून ठेवलं होतं.

तिनं बॉनेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

"कशाला ताई," ती म्हणाली. "बस दारापासून जवळच सोडते. मला सवय झालीये."

दुसऱ्या दिवशी तिला मी स्कूटरवरून स्टँडवर सोडलं. तिची पिशवी माझ्या पायाशी होती. बस लागलेलीच होती. खिडकीची जागा मिळाली, तिनं हात हलवला. बस वळेपर्यंत मी उभी होते आणि तिची माफी मागायचं पुन्हा राहूनच गेलं होतं.