भाराभर चिंध्या

सुहास गेल्याची बातमी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, ती एक जुनी कार-सीट विकायची जाहिरात आणि कोजागरीला दूध कोण आटवणार ही चर्चा यांच्या मधोमध. हार्ट अटॅक, वय सेहेचाळीस. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली आणि तासाभरात गाडी पुन्हा दुधावर आली. माझा नुसता संताप झाला. खरं तर तो माझा माझ्यावरच व्हायला हवा होता, पण त्याला आणखी तीन आठवडे लागले.

पुण्यात कॉलेजच्या बँडमध्ये आम्ही दोघं गिटार वाजवायचो. नोकऱ्यांनी दोघांनाही डब्लिनला आणून टाकलं. तो चिप बनवणाऱ्या कारखान्यात, मी औषधांच्या. माझी गिटार मी केव्हाच देऊन टाकली होती. हा बाबा मात्र ओंगार या उपनगरातल्या त्याच्या घरात, हॉट प्रेसमध्ये बसून गायचा. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं, टॉवेल-चादरी ठेवायचं कपाट. चादरींमुळे आवाज घुमत नाही म्हणे. त्याची आई आली होती, तेव्हा "सुहास प्रेसमध्ये आहे" ऐकून माउली हरखली... पोरगं पेपरात लागलं म्हणून!

गाण्यांत वर गिटारची गोड, गुणगुणावीशी चाल आणि खाली क्लबमधला धडधडता ठेका, सात-सात मिनिटं न थांबणारा. शब्द मराठी. "बसून ऐकायचं नाही रे मक्या, नाचायचं," तो म्हणायचा. एकदा गणपतीत त्याने एक गाणं वाजवलं. मंडळी खुर्च्यांना चिकटून बसली, दोघा-तिघांनी मोबाइल काढले. नंतर प्रसादाच्या रांगेत त्याने मला विचारलं, "कसं वाटलं?" आजूबाजूला लोक होते, मला चेव आला. म्हटलं, "गिटारवाले म्हणणार हा डिस्को, नाचणारे म्हणणार मध्ये गिटार कशाला. एक ना धड, भाराभर चिंध्या!" सगळे खो-खो हसले. तोही हसला. मी ते विसरूनही गेलो.

दोन वर्षांनी ब्लँचर्डस्टाउनच्या शॉपिंग सेंटरबाहेर त्याने माझ्या हातात सीडी ठेवली. "पहिला अल्बम, मक्या!" वर नाव, 'भाराभर चिंध्या'. मला वाटलं, टोमणा मारतोय लेकाचा. घरी येऊन मी ती प्लास्टिकसकट शेल्फवर ठेवून दिली. आठवड्याने त्याचा फोन. "ऐकलास?"

"ग्रँड आहे रे."

इथलं ग्रँड म्हणजे भव्यबिव्य काही नाही. 'ठीक आहे, विषय संपव', एवढंच. त्याला हे माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

"आणि आतलं पाहिलंस?"

"आतलंही ग्रँड."

"बरं," तो म्हणाला. मग डार्ट, म्हणजे इथल्या लोकल ट्रेनच्या गर्दीबद्दल बोललो. अल्बमचं त्याने पुन्हा कधीच विचारलं नाही.

शोकसभेत तोच अल्बम लावला. गणपतीत मोबाइल काढणारे लोक माइकवर येऊन "आपल्या मराठीचा झेंडा" वगैरे बोलले. मेल्यावर माणूस सगळ्यांना कळतो! मी मागे बसून मनातल्या मनात शिव्या घालत होतो. तेवढ्यात केतकी, त्याची बायको, शेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, "मकरंद, आत तुझ्याबद्दल लिहिलंय ते वाचून तू काय म्हणालास, हे याने मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. काय म्हणाला होतास?"

माझ्या तोंडून निघालं, "ग्रँड."

घरी आलो आणि बूटही न काढता सीडीवरचं प्लास्टिक फाडलं. आतल्या पानावर एवढंच छापलं होतं: 'सगळ्यांनी नावं ठेवली. मक्याने नाव ठेवलं. म्हणून हा अल्बम मक्याला.'

म्हणजे त्या फोनवर त्याला लगेच कळलं होतं. आणि कळूनही तो "बरं" म्हणाला... नालायक मी, दुसरं काय!

सीडी आता गाडीतच असते. रोज कामावर जाताना लावतो. चौथं गाणं लागलं की सिग्नलला उभा असताना पाय आपोआप ठेका धरतो. हे एकालाच सांगायचं होतं.