गावाला जोडलेली रेघ

आमचं आडनाव गावावरून पडलेलं. गाव येवल्याच्या पुढे, आडनाव मात्र नाशिकभर: दवाखान्यांच्या पाट्यांवर, रसवंतीवर, लग्नपत्रिकांत. निवृत्तीनंतर या सगळ्यांचं मूळ शोधायची हुक्की मला आली. बायको म्हणाली, "अहो, त्यापेक्षा मिक्सर दुरुस्त करून आणा." मी ऐकलं नाही. न ऐकणं एवढं एकच काम मी आयुष्यभर नेटाने केलंय.

आडनावबंधूंचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यात कुणालाच कॉम्प्युटर येत नव्हता आणि मला येतो असा माझा समज होता. त्यामुळे वंशवृक्ष माझ्या गळ्यात पडला. लोक पणजोबा, खापरपणजोबा पाठवत राहिले, मी चौकटी जोडत राहिलो. एका गृहस्थांना तर मी त्यांच्याच आजोबांचा बाप करून टाकलं. ते पुढे मला 'ब्रह्मदेव' म्हणूनच हाक मारू लागले.

फक्त माझ्या आजोबांची चौकट मी टाकली नव्हती. आजोबा गावचे येसकर. वेशीचा पहारा त्यांचा, घर वेशीबाहेर. पुढे ते बौद्ध झाले. ग्रुपवर कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ग्रुपचं संमेलन ठरलं होतं, तिथे सगळ्यांच्या देखत त्यांना झाडावर चढवायचं, असा माझा बेत होता.

संमेलन गंगापूर रोडच्या एका मंगल कार्यालयात. भिंतभर माझ्या झाडाचा फ्लेक्स, डोक्यावर भाड्याचा फेटा, आणि मी नवरदेवासारखा मिरवतोय. लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याने खांद्यावर हात टाकला.

"दादा, लय भारी काम केलं तुमी. देवक कोणतं तुमचं?"

देवक म्हणजे लग्नात पुजायची कुळाची खूण. देवक एक असलं की सोयरीक होत नाही. सांगायची वेळ हीच होती. पण माझी जीभ ऐन वेळी दुसऱ्याच गाडीत बसते. शेजारी कुणीतरी 'कळंब' म्हणालं होतं, आपलं जरा वेगळं असावं म्हणून मी म्हणालो, "मोर."

व्यापारी खुलला. "आमचं कळंब! म्हंजे सोयरीक जमतेय की! पोरगी हाय ना तुमची? आमचा पुतण्या दाखवतो, हितंच हाय."

बायको माझ्या कानाशी आली. "आणलाय ना मोर? आता नाचवा."

मी फेटा काढला. "मोरबिर काही नाही. आम्हाला देवकच नाही. माझे आजोबा गावचे येसकर. आम्ही बौद्ध."

व्यापाऱ्याने खांद्यावरचा हात काढून खिशात घातला. आजूबाजूचे दोघेतिघे एकदम फ्लेक्स वाचू लागले.

संमेलनाचे अध्यक्ष लगबगीने आले. माणूस गोड. "तुमचं काम मोठंच हो. शाल-नारळ ठेवलाय तुमच्यासाठी. पण झाड घराण्याचं आहे. आजोबांचं आपण नंतर बघू."

"नंतर म्हणजे कधी?"

"पुढच्या फ्लेक्सवर."

"पुढचा फ्लेक्स करणार कोण?"

ते फ्लेक्सच्या कोपऱ्याची सुरकुती सारखी करू लागले. कॉम्प्युटर अजून कुणालाच येत नव्हता.

नावनोंदणीच्या टेबलावरून मी काळा मार्कर उचलला, प्लास्टिकची खुर्ची भिंतीला लावली आणि वर चढलो. गुडघे कुरकुरले, त्यांना संमेलनाचं निमंत्रण नव्हतं. वर मोकळ्या जागेत चौकट काढून आजोबांचं नाव लिहिलं. अक्षर माझं आधीच कोंबड्याचं, त्यात खुर्ची डुगडुगणारी.

"अहो, पण ही जोडणार कुणाला?" अध्यक्ष खालून ओरडले. "कुणाच्या फांदीला?"

"फांदीला नाही." झाडाच्या बुंध्यात गावाचं नाव छापलं होतं. मी चौकटीपासून थेट तिथवर वाकून रेघ ओढली. ती वाकडी गेली, वाटेत दोन पाटलांच्या पोटातून आरपार. "गाव राखलं त्यांनी. आडनाव गावाचं आहे, तुमच्या एकट्याचं नाही. शाल ठेवा, नारळही ठेवा. हे पुसायचं नाही."

"दादा," व्यापारी म्हणाला, "खुर्ची हलतेय. पडाल. उतरा खाली."

"मग धरा," मी म्हणालो. "अजून वडिलांचं नाव लिहायचंय."