पंचफुलानं कूड पाडला

आमच्या दारव्ह्याच्या वस्तीत पंचफुलासारखी हट्टी बाई दुसरी नव्हती. सरकी काढायच्या जिनात कापूस निवडायची, मुकादमाशी भांडायची, आणि छप्पनला दीक्षा घेतल्यावर घरातले देव नदीत सोडून सगळ्यांत आधी मोकळी झाली ती हीच. मला तिचा राग यायचा आणि तिच्यावाचून करमायचंही नाही.

दोनेक वर्षांनी गरिबांना पक्क्या घरांची परवानगी देणारा कायदा आला. अट अशी की आधी जुनी झोपडी पाडून जागा मोकळी करायची, मग साहेब पाहणीला येणार. पंचफुलाची नलू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरत आले होते. नातवंड विटांच्या घरात जन्मावं, एवढंच या बाईच्या डोक्यात.

"परवानगी हातात येऊ दे, मंग पाड. कायले घाई करून राह्यली?" मी म्हटलं.

"सरकार का खोटं बोलते?"

तिनं झोपडीचा कूड पाडला, भिंतीतल्या कपाशीच्या पऱ्हाट्या चुलीत घातल्या. नलू आणि भांडीकुंडी लिंबाखाली आली. तिचं पाहून आमच्या ओळीतल्या सगळ्यांनीच घरं पाडली. मी बोलणारी, मीही पाडलं.

आणि मग बातमी आली. पलीकडच्या वस्तीत 'बौद्ध' सांगणाऱ्यांना साहेबांनी परत पाठवलं होतं. ही घरं फक्त अनुसूचित जातींच्या गरिबांसाठी, आणि बौद्ध त्यात बसत नाहीत म्हणे. जात टाकली म्हणून छप्पर नाही! आग लागो असल्या कायद्याला. आम्ही पंचफुलाला पढवलं, एक जुना शब्द बोल, घर पदरात पाडून घे. ती नुसती ऐकत राहिली. भांडली असती तर मला एवढी भीती वाटली नसती.

साहेब आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी अवघडलेल्या नलूकडे पाहिलं.

"जात?"

"बौद्ध."

"बाई, नीट विचार करा. पुन्हा विचारतो."

पंचफुलानं नलूकडे पाहिलं. "साहेब, देव बुडवले म्या. आता कोन्त्या तोंडानं सांगू? बौद्धच."

साहेब माझ्याकडे वळले. बातमी आल्यापासून पाठ केलेला जुना शब्द माझ्या जिभेवर होता.

"बौद्ध," मी म्हटलं.

माझ्यामागे एकेकानं तेच सांगितलं. साहेब मान खाली घालून निघून गेले.

संध्याकाळी नलूला कळा सुरू झाल्या, आणि तिला आत न्यायला आमच्या ओळीत एकही घर उभं नव्हतं.