राहिलेला दुसरा अंक

रावपुऱ्याजवळच्या नाट्यगृहात एका जुन्या, वादग्रस्त नाटकाचा नव्याने प्रयोग होता. बायकोला घरात कोंडून ठेवणाऱ्या नवऱ्याची ती गोष्ट. मी बातमीसाठी गेलो होतो. पहिल्या अंकातच काही कुटुंबं उठून गेली. "आपल्या बडोद्यात हे शोभतं का?" असं कुणीतरी मोठ्याने विचारलंही.

शेजारच्या सत्तरीतल्या बाई मात्र पर्स मांडीवर घट्ट धरून बसून होत्या. मध्यंतरात त्यांचा मुलगा गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाला, "आई, चल ने घरी. कसलं घाणेरडं आहे!"

"तू जा, शेव-उसळ खा. मी संपल्यावर येते."

तो गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "लग्न झालं त्या वर्षी हेच नाटक बघायला आलो होतो. ह्यांनी मध्यंतरातच उठवलं. पुढे तिचं काय झालं, हे घरी विचारायचीही चोरी."

दुसऱ्या अंकात त्या पापणी न हलवता पाहत होत्या. शेवटी ती बायको नवऱ्यालाच आत कोंडते आणि बाहेरून कुलूप लावून निघून जाते. तो दार बडवत असतानाच अंधार झाला.

"भयंकर आहे, नाही?" मी म्हणालो.

"छे हो," बाई चष्मा पुसत हसल्या. "मी तर इतकी वर्षं पोळ्या लाटताना मनात त्याचे याहून वाईट हाल केलेत."