बाबांनी एसीला बांधलेले झाप

आईला पनवेलला न्यायचंच, असं ठरवून मी दिवेआगरला गेले. सोबत रिकामी मोठी बॅग आणि डोक्यात राग. आईला दमा आहे. पावसाळ्यात घरात ओल वाढली की तिची छाती वाजायला लागते. म्हणून वादळात कौलं उडाल्यावर आम्ही स्लॅब टाकला, तेव्हाच मी तिच्या खोलीत एसी बसवून घेतला होता. थेंबाचं चित्र असलेलं बटण दाबायचं म्हणजे खोली कोरडी राहते, एवढं बाबांना शिकवलं होतं. दोन पावसाळे बरे गेले. यंदा एसी दहा मिनिटं चालून बंद पडायला लागला, कपाटामागची भिंत बुरशीने काळी झाली, आणि फोनवर एक वाक्य पुरं करताना आई तीनदा थांबायला लागली.

"पाऊस संपेस्तोवर ती माझ्याकडे राहील," असं मी बाबांना फोनवरच सांगून टाकलं होतं. ते नुसतं "बरं" म्हणाले. लग्न झाल्यापासून त्या दोघांनी एकही पावसाळा वेगळा काढलेला नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी सांगून टाकलं. मी पोचल्या पोचल्या त्यांनी बॅग माझ्या हातातून घेतली, "तिचे कपडे मी भरतो" म्हणाले आणि आत गेले.

जाण्याआधी एसी एकदा दाखवावा म्हणून श्रीवर्धनहून मेकॅनिक बोलावला होता. त्याला घेऊन मागच्या दारी गेले आणि बघतच राहिले. भिंतीवरच्या एसीच्या बाहेरच्या मशीनला बाबांनी झाप बांधले होते! आमच्याकडे पावसाआधी पडवीला बांधतात तसे, नारळाच्या झावळ्या विणून, सुंभाने आवळून. तेही चारी बाजूंनी आणि वरूनसुद्धा.

"बाबा, हे काय करून ठेवलंत? मशीन आहे ते, पडवी नाही! एक गोष्ट तुम्हाला धड..." माझा आवाज शेजारच्या वाडीपर्यंत गेला असणार.

"खारं वारं लागतंय ना, बाय," बाबा म्हणाले. "मागल्या साली गंज धरला व्हता. म्हटलं, ह्ये टिकलं तर तुझी आई हितं टिकंल."

मेकॅनिक हसला नाही, यासाठी मी त्याला अजून मानते. सुंभ सोडता सोडता म्हणाला, "काका, हे मशीन आतली गरमी बाहेर फेकतं. तुम्ही त्याचं नाकतोंड बांधलंत, म्हणून तापून बंद पडतंय."

"म्हंजे त्यालाबी धाप लागली म्हणायची," बाबा म्हणाले आणि उरलेली गाठ त्यांनी स्वतःच सोडली.

आत आल्यावर मेकॅनिकने छतालगतच्या झरोक्यांकडे पाहिलं. "हे झरोके कोणी बंद केले? एसी चालू असताना बंद हवेत, ते ठीक. पण इथे तासन्‌तास लाइट जाते. तेव्हा उघडायला नकोत? कोंडलेली ओल जाणार कुठे?"

झरोक्यांवर प्लायवूड होतं, चारी कोपऱ्यांत खिळे. मला आठवलं. एसी बसवताना बाबा सुताराला बिजागऱ्या लावायला सांगत होते आणि "या वयात रोज शिडीवर कोण चढणार?" म्हणून मीच खिळे मारून घेतले होते. मी एवढी ओरडले तरी बाबांनी त्यातलं अक्षर काढलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी बंद केले," मी म्हणाले.

"चला, दोघंही सारखेच शहाणे निघाले," पलंगावरून आई म्हणाली. "आता चहा कोण करतंय?"

दुपारी मेकॅनिकने मशीन गोड्या पाण्याने धुतलं, आणि बटण बंद करून दर पंधरवड्याला असंच धुवायचं, हे बाबांना दाखवलं. बाबांनी बाजारातून बिजागऱ्या आणल्या, झरोक्यांच्या फळ्यांना सुंभ बांधून तो खाली पलंगापर्यंत सोडला. शिडीचा प्रश्नच मिटला. मग आम्ही दोघांनी झाप पुन्हा उभे केले, पण फक्त समुद्राच्या बाजूला आणि मशीनपासून तीन हात लांब, बांबूवर. मी ओढून धरलं, ते गाठ मारत गेले. "चुकलं माझं, बाबा," मी म्हणाले. "घट धर," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी सकाळी लाइट गेली. आईने पडल्या पडल्याच सुंभ ओढला, झरोके उघडले आणि मला पडवळाच्या भाजीची आख्खी कृती सांगितली, एकदाही न थांबता.

आईला न्यायचा विषय तिथेच संपला. निघताना बाबा म्हणाले, "बॅग रिकामी न्हेऊ नको, नारळ घाल." मी बॅग उघडली. वर आईची लुगडी होती, तिचा दम्याचा जादा पंप, तिची शाल. आणि तळाशी बाबांचे दोन सदरे, एक धोतर, नीट घडी करून. मी त्यांना "तुम्हीही चला" असं एकदाही म्हटलं नव्हतं.