फॅक्टरच्या बाकावरची माणसं

आमच्या रक्ताला गोठायची घाई न्हाई. हिमोफिलिया म्हणतात त्याला. फॅक्टरचं, म्हंजे रक्त गोठवायच्या औषधाचं, इंजेक्शन घ्यायला आम्ही जिल्ह्याच्या दवाखान्यात एकाच बाकावर बसतो. नंबर येईस्तोवर गप्पा मारण्याशिवाय धंदा काय? दर खेपेला एखादा किस्सा जमतोच. हसतो आम्ही.

अंकुशनगरचे मामा-भाचे जोडीनंच येतात. भाच्याचं जावळ रिवाजापरमाणं मामाच्याच मांडीवर काढलं होतं. कानामागं वस्तरा जरासा लागला. पाव्हणे जेवून उठले तरी रक्त थांबेना. लेकराची आई रडून राह्यली, न्हावी पळून गेल्ता. मामानं जागेवरूनच डॉक्टरला फोन लावला, "साहेब, आजार माझाच हाय, फक्त पेशंट लहान हाय."

सलीमभाई टेलर. सुई बोटात घुसली की त्याची मशीन दोन दिवस बंद. लग्न ठरताना त्यानं होणाऱ्या सासऱ्याला सगळं खरं सांगून टाकलं. म्हाताऱ्यानं चष्मा काढून पुसला, परत लावला. शेवटी म्हाताऱ्यानं विचारलं, "शुगर तो नहीं ना?"

"नहीं."

"फिर क्या फिकर है?"

आता त्याला दोन पोरं हायेत, दोघंबी बिलकुल ठणठणीत.

माझ्या लहानपणी आईनं बाजेच्या कडांना, उंबऱ्याला चिंध्या गुंडाळल्या होत्या. हसनाबादला आमच्या घरी येणारा प्रत्येक माणूस विचारायचा. आई म्हणायची, "उंबऱ्याला थंडी वाजती." आत रक्त साचून माझा गुडघा सुजला की आजी तिला सुनवायची, "हे तुझ्या माहेरचं." आई चुलीकडं तोंड करून भाकरी थापत राह्यची. आजीच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं, हे मला लई उशिरा कळलं.

माझं लग्न झाल्यावर डॉक्टरांनी कागदावर रेघा ओढून समजावलं. "मुलगा झाला तर त्याला तुमच्याकडून हे जाणार नाही. मुलगी झाली तर तुमचा जीन तिच्यात उतरणारच. तिला स्वतःला बहुतेक फार त्रास होणार नाही, पण पुढं तिच्या मुलाला होऊ शकतो. तुमच्या आईकडून तुम्हाला आला, तसाच."

बायकोला दिवस गेले अन् मी दर चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाऊ लागलो. मागणं एकच, पोरगा दे. गल्लीतले म्हणायचे, "बराबर हाय, वंशाला दिवा पाह्यजेच." मला लाज वाटायची, पण कोणाकोणाला रेघा काढून दाखवू? बाकावर मात्र सांगावं लागलं न्हाई. सलीमभाई नुसता म्हणला, "आमीन."

मुलगी झाली.

मी व्हरांड्यात खाली बसलो अन् हमसून रडलो. नर्सबाई लेकराला घेऊन बाहेर आल्या. माझ्याकडं पाहून त्यांचा पारा चढला. "शिकलेले दिसता तुम्ही. मुलगी झाली म्हणून रडता? लाज वाटत न्हाई?"

मी बाहीनं डोळे पुसले. 

माझ्या आईनं नर्सबाईच्या हातातून पोरगी घेतली, दुपटं बाजूला सारून तिचं तोंड पाह्यलं. मंग माझ्याजवळ खाली बसली.

"तू जगलास ना?" ती म्हणली. "हिचं लेकरू बी जगंल."