रेणुकेच्या कमानीपाशी मी गाडी हलवली नाही

देवीचा अनुभव आला असेल तर लिहून काढ, असं जाऊबाई म्हणाल्या तेव्हा मला हसूच आलं. अनुभव लिहावेत ते श्रद्धाळू माणसांनी. मी तर सहा वर्षं देवीशी बोलत नव्हते. अगदी कट्टी. आमची आई चांदवडच्या रेणुकादेवीची भक्त. दर नवरात्रात नाशिकरोडहून पहिली एसटी धरून जायची, अनवाणी पायऱ्या चढायची, आणि त्या आईला कॅन्सरनं सात महिन्यांत असं पिळून काढलं की शेवटी तिला पाण्याचा घोटही गिळवेना. दहाव्याच्या दिवशी मी देवीचा फोटो भिंतीवरून काढला आणि कपाटात साड्यांच्या मागे ठेवून दिला. म्हटलं, बाई, तुझं माझं संपलं. फेकून द्यायची हिंमत झाली नाही, हे मात्र कबूल करते.

मी सतरा वर्षं शाळेच्या मुलांची व्हॅन चालवली. मग शाळेनं स्वतःच्या बस आणल्या आणि मी एकेचाळिसाव्या वर्षी घरी बसले. घरी बसणं मला मानवत नाही, डोकं फिरतं माझं. जड वाहनाचं लायसन काढलं, आणि देशभर गाड्या फिरतात अशा एका मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीनं बायकांची पहिली तुकडी घेतली त्यात नंबर लावला. नातेवाइकांनी नाकं मुरडली. नवरा म्हणाला, "तू करणारच आहेस, मग मला विचारतेस कशाला?" बरोबरच होतं त्याचं. ट्रेनिंगचे साहेब स्वतः पंचवीस वर्षं ट्रक चालवलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी ऐकवलं, "ताई, ही शाळेची व्हॅन नाही." मी म्हटलं, "साहेब, व्हॅनमध्ये पोरं असायची. तुमच्या गाडीत खोकी आहेत. सांगा, जोखीम कशात जास्त?" त्या दिवसापासून त्यांची माझ्यावर बारीक नजर होती.

नव्या ड्रायव्हरला तिथे तीन महिने चाचणीचे असतात. या काळात तीन शेरे पडले की घरी. माझे दोन पडून गेले होते. पहिला, ठरवून दिलेल्या थांब्यावर बायकांच्या संडासाला कुलूप, म्हणून मी पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबवली त्याचा. दुसरा भिवंडीच्या गोदामातला. तिथला वॉचमन मला तीनदा विचारत होता, "ड्रायव्हर कुठाय?" चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तर असे दोन. आता एकटीनं हरयाणापर्यंतची पहिली मोठी खेप पुरी केली की मी कायम होणार होते. तिसरा शेरा पडला तर सगळं संपलं, आणि एका कंपनीनं काढलेल्या बाईला दुसरी कंपनी दारात उभी करत नाही. देवाशप्पथ सांगते, ही नोकरी मला माझ्या जिवासारखी झाली होती.

त्या मंगळवारी सकाळी नाशिकच्या अंबडहून माल भरून निघायचं होतं. बारा चाकांचा कंटेनर. एवढ्या मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात, म्हणून निघण्याआधी एक तपासणी असते. इंजिन बंद करायचं, ब्रेक पूर्ण दाबून धरायचा आणि एक मिनिट हवेच्या प्रेशरची सुई बघत बसायचं. सुई हलली नाही तर ठीक. मग मोबाइलवरच्या यादीत त्यापुढे टिक करायची. मागे गाड्यांची रांग लागली होती, गेटवरचा माणूस ओरडत होता, "मॅडम, आटपा की!" आणि मी ते एक मिनिट न बसता टिक केली. रोज करत होते, त्या दिवशी नाही केलं. कुणी पाहिलं नाही. व्हॅनच्या दिवसांत मी अशी चुकारपणा करणारी बाई नव्हते, पण मोठी खेप मिळाल्याची घाई अंगात भरली होती.

आडगाव, ओझर, पिंपळगाव सगळं झ्याक पार पडलं. गाडी कशी मस्त चालली होती. मीही खुशीत होते, स्वतःशीच गुणगुणत होते. चांदवड आलं तसं मात्र माझं तोंड आपोआप आवळलं. तिथे महामार्गाला लागूनच देवीचा डोंगर आहे आणि पुढे राहुड घाटाचा उतार सुरू होतो. जाणारा येणारा प्रत्येक ट्रकवाला तिथे हॉर्न मारून देवीला नमस्कार घालतो आणि मगच घाटात उतरतो. कंपनीची गाडी देवाला थांबत नाही, म्हणून आमच्या साहेबांनीही ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, "हॉर्न मार, पोचतो देवीला." माझ्या पुढच्या तिन्ही गाड्यांनी हॉर्न मारला. मी हात स्टिअरिंगवरच ठेवला. मुद्दाम. मनात म्हटलं, माझ्या आईनं एवढ्या पायऱ्या झिजवल्या, तिचा आवाज तुला पोचला नाही, माझा हॉर्न कशाला पोचवू?

आणि तेवढ्यात कमानीजवळ डाव्या बाजूनं एक म्हातारी रस्त्यात उतरली. नऊवारी, कपाळभर कुंकू, डोक्यावर देवीची परडी. ना इकडं बघणं ना तिकडं, सरळ चालायला लागली. मी ब्रेकवर उभीच राहिले. गाडी थांबली, पण जिथे थांबायला हवी होती तिथे नाही, चांगली पुढे जाऊन, म्हातारीपासून दोन हातांवर. माझं काळीज तोंडात आलं. आणि म्हातारी? ती परडी सावरत माझ्यावरच खेकसली.

"डोळं हायेत का नाय गं? लय घाई हाय का तुला?"

मी गाडी कडेला घेतली, इंडिकेटर लावले, हँडब्रेक ओढला. मग डोकं थोडं ताळ्यावर आलं तेव्हा वाटलं, एवढी पुढे का गेली गाडी? इंजिन बंद केलं, ब्रेक दाबून धरला आणि सुईकडे बघितलं. सुई हळूहळू खाली येत होती. मागून कुठूनतरी फुस्स असा आवाज. पाय सोडला की आवाज बंद, सुई जागच्या जागी. पुन्हा दाबला, पुन्हा फुस्स. अशा वेळी केबिनमध्ये बझर वाजायला हवा, तो वाजलाच नाही. डॅशबोर्डखाली हात घातला तर वायर काढून टेप गुंडाळलेली. आधीच्या ड्रायव्हरला त्याची कटकट होत असणार, बऱ्याच जणांना ती खोड असते. सकाळी ते एक मिनिट मी बसले असते तर हे सगळं अंबडमध्येच कळलं असतं. पुढे घाट होता, आणि घाटात ब्रेक एकदा नाही, पन्नासदा दाबावा लागतो.

पाच मिनिटांत गाड्यांवर नजर ठेवणाऱ्या कंपनीच्या कंट्रोल रूमचा फोन आला. थांबा ठरलेला नाही, कारण सांगा. मी सांगितलं. पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, इथे स्क्रीनवर प्रेशर ओके दिसतंय. घाट उतरून खाली आपला मेकॅनिक आहे, तिथपर्यंत हळूहळू घ्या."

"तुमच्या स्क्रीनवर ब्रेक कोण दाबतंय?" मी विचारलं. "इथे मी दाबतेय. गाडी हलणार नाही."

"मॅडम, तुमचे ऑलरेडी दोन शेरे आहेत."

"मग तिसरा लिहा! मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, पण मेकॅनिक वर पाठवा."

फोन ठेवला आणि मला रडू फुटलं. खोटं कशाला सांगू, ताठ्यानं बोलले खरी, पण नोकरी गेली हे मला स्पष्ट दिसत होतं. म्हातारी तोवर गाडीच्या सावलीत फतकल मारून बसली होती. मी खाली उतरले तशी माझ्याकडे टक लावून बघायला लागली.

"बया! बाई चालिवती व्हय येवढा गाडा?"

"हो. आजच्या दिवस तरी."

"रडती कशापायी?"

मी तिला सगळं सांगितलं. का सांगितलं ठाऊक नाही. थर्मासमधला चहा दिला, तिनं फुंकर मारमारून प्यायला. तिला ना ब्रेक कळले ना कंट्रोल रूम. तिचा गुडघा दुखत होता, सून बोलत नव्हती आणि मंगळवारचा जोगवा अजून पाच घरांचा राहिला होता. मला म्हणाली, "उतरायचं नाय म्हनली ना? मंग नाय उतरायचं. आता रडून काय व्हतंय?" मी म्हटलं, "आजी, तू मध्ये आली नसतीस तर मी गेले होते." तर ती फटकन म्हणाली, "मी कुठं मदी आली? तूच माझ्या अंगावर आली!" आणि मेकॅनिक येईपर्यंत दोन तास ती तिथेच बसून राहिली. जाताना मला कुंकू लावलं आणि चहात साखर कमी होती म्हणून बोलूनही गेली.

लोक विचारतात, ती कोण होती. अहो, ती त्याच भागातली एक बाई होती, गुडघेदुखीची. मला तिचा काही चमत्कार करायचा नाही. पण घाटाच्या तोंडाशी, देवीच्या दारात, मी हट्टानं पुढे निघाले असताना कुणीतरी माझा पाय ब्रेकवर आणला, एवढं मी नाकारू शकत नाही. मेकॅनिकनं मागच्या चाकाजवळचा हवेचा पाइप दाखवला. लोखंडाला घासून घासून फाटलेला.

खेप पुरी करून आठव्या दिवशी परतले तर साहेबांनी बोलावून घेतलं. टेबलावर छापील कागद होता. परवानगीशिवाय गाडी थांबवली ही माझी चूक झाली, पुन्हा होणार नाही, खाली सही. साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, वरच्यांना फक्त कागद हवाय. सही कर, तिसरा शेरा मी अडवतो. परवापासून तू कायम."

खरं तर किती सोपं होतं. पेन हातात घेतलं आणि अंगाचा तिळपापड झाला. जी गोष्ट मी नीट केली तिची माफी मागू? आणि जी खरोखर चुकले ती तशीच पोटात ठेवू? कारण मी न तपासता टिक केली हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते सांगितलं तर नोकरी शंभर टक्के जाणार होती. त्या क्षणी सहा वर्षांत पहिल्यांदा मी देवीला हाक मारली. मागितलं काहीच नाही. एवढंच म्हटलं, आई, तुझ्यासमोर खोटं नको, मग यांचं काय व्हायचं ते होऊ दे. छापील ओळींवर काट मारली आणि खाली लिहिलं: "गाडी थांबवली ती चूक नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा थांबवीन. सकाळी ब्रेक न तपासता टिक केली, ती माझी चूक आहे."

साहेबांनी वाचलं. परत वाचलं. "हे कुणी विचारलं होतं का तुला?"

"नाही."

"नोकरी जाईल, कळतंय का?"

"कळतंय. तरीही लिहिलं."

त्यांनी कागद फाइलमध्ये ठेवला. मग म्हणाले, "माझ्या पंचवीस वर्षांत मी अशी न बघता किती वेळा टिक केली, देवाला ठाऊक." तिसरा शेरा लिहिला नाही, पण चाचणी आणखी एक महिना वाढवली त्यांनी माझी, आणि तो महिनाभर गेटवर प्रत्येक गाडीचा ब्रेक मीच तपासायचा असं फर्मान काढलं. मागे कितीही रांग लागो, मी एक मिनिट म्हणजे एक मिनिट लावायची. ड्रायव्हर लोकांनी भरपूर शिव्या घातल्या. तीन गाड्यांच्या बझरच्या काढलेल्या वायरी सापडल्या. महिन्यानंतर कायम झाल्याचं पत्र हातात आलं.

पत्र घेऊन सुट्टीच्या दिवशी चांदवडला गेले, पायऱ्या चढले. देवीला ऐकवायचं खूप काही ठरवून गेले होते. आईचं, सात महिन्यांचं, सगळा हिशोब मागणार होते. समोर उभी राहिले तर तोंडातून शब्द फुटेना. राग गेला होता असं नाही, तो अजूनही आहे. पण रागासकट तिच्यापुढे उभं राहता येतं, ती तेवढं चालवून घेते, हे मला त्या दिवशी कळलं. शरण जाणं म्हणजे मी इतकी वर्षं पडतं घेणं समजत होते. डोळ्यांना धार लागली होती, नाक गळत होतं, आणि मागून रांगेतली बाई ढकलायला लागली, "अहो ताई, झालं ना दर्शन? सरका पुढे."

"नाही झालं अजून," मी म्हटलं, आणि तिथेच उभी राहिले.